समुद्री टाकीचे पाणी सांडल्याच्या आपल्या तक्रारीबाबत

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या कामाला परीक्षणात दिलेला एक तारा आणि त्यासोबतचा मजकूर मी दोनदा वाचला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत. पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडून बसवून घेतलेल्या चार फुटी समुद्री टाकीच्या पाइपांतून रात्रभर गुडगुड आवाज येत होता. आमचा कारागीर व्हॉल्व्ह फिरवून आणि भेटीचे पैसे घेऊन गेला, तर तिसऱ्या दिवशी वरच्या टाकीचे पाणी काठाला टेकले. पुढच्या आठवड्यात रात्री वीज गेली तेव्हा दोन बादल्या खारे पाणी हॉलभर पसरले, कॅबिनेटची प्लायवूडची फळी फुगली आणि नंतर प्रवाळही मिटून बसले. या साऱ्याचे कारण आम्ही गरजेपेक्षा मोठा पंप आपल्या गळ्यात मारला हे आहे, असे आपण लिहिले आहे. गेल्या शनिवारी मी स्वतः येऊन टाकी तपासली, पण त्या वेळी आपल्याकडे पाहुणे असल्यामुळे सविस्तर बोलता आले नाही. म्हणून जे आढळले ते येथे लिहीत आहे.

पंपाविषयीचे आपले म्हणणे मला मान्य करता येत नाही, कारण हॉलमध्ये पाणी आले ते पंप चालू असताना नव्हे, तो बंद पडल्यावर आले. वीज गेली की ओव्हरफ्लो बॉक्समधले, म्हणजे वरच्या टाकीचे जादा पाणी ज्यात पडते त्या कप्प्यातले, पाणी खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरते आणि थांबते. दुसरी वाट मात्र अशी आपोआप थांबत नाही. पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पाइपचे नॉझल पाण्यात बुडालेले असेल तर सायफन होऊन तोच पाइप उलटा वाहू लागतो आणि नॉझलला हवा मिळेपर्यंत वाहतच राहतो.

आपल्या टाकीचे नॉझल मला पृष्ठभागापासून ६ सेंटिमीटर खाली वळवलेले आढळले. प्रवाळांना प्रवाह मिळावा म्हणून आपण ते वळवल्याचे सांगितलेत आणि तो हेतू योग्यच होता. टाकी १२० बाय ६० सेंटिमीटरची आहे, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की ७.२ लिटर पाणी खाली येते. ६ सेंटिमीटरचे सुमारे ४३ लिटर आणि बॉक्समधले साधारण ८ लिटर मिळून ५१ लिटर होतात. आपला संप ९० बाय ४० सेंटिमीटरचा आणि ४० सेंटिमीटर उंच आहे. आम्ही तो ३० सेंटिमीटरपर्यंत भरून दिला होता, तेव्हा वर ३६ लिटरची जागा मोकळी होती. उन्हाळ्यात बाष्पीभवन फार होते म्हणून गावाला जाण्यापूर्वी आपण तो ३४ पर्यंत भरलात आणि मोकळी जागा साडेएकवीस लिटरांवर आली. उरलेले सुमारे ३० लिटर म्हणजेच आपल्या हॉलमधल्या त्या दोन बादल्या.

तरीही एक गोष्ट शाबूत असती तर थेंबही सांडला नसता. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली दीड सेंटिमीटरवर आम्ही ३ मिलिमीटरचे भोक पाडले आहे. पाणी तेथवर उतरले की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. हे भोक जांभळट, चुन्यासारख्या टणक शेवाळाने पूर्ण बुजले होते. टाचणीने टोकरल्यावर त्याची खपली निघाली आणि आपल्यासमोर पंप बंद करताच आत हवा शिरल्याचा बारीक सूं असा आवाज आला, तो आपणही ऐकलात. नंतर खाली आलेले पाणी संपच्या काठाच्या आत राहिले.

आता आमची चूक. टाकी ताब्यात देताना आम्ही आपल्यासमोर एकदाही वीज बंद करून दाखवली नाही, संपवर कमाल पातळीची रेघ आखली नाही आणि हे भोक दर पंधरा दिवसांनी साफ करावे लागते हेही सांगितले नाही. सोलापुरात वीज जाणे नवीन नाही. येथे टाकी बसवणाऱ्याने पहिली चाचणी वीज बंद करून घ्यायला हवी होती. ती आम्ही टाळली आणि त्याचे नुकसान आपण सोसले, याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो.

रिटर्न पाइपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटे वाहू न देणारा व्हॉल्व्ह, का बसवला नाही, असेही आपण विचारले आहे. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर क्षार आणि शेवाळ साचते आणि काही महिन्यांत ती नीट बसेनाशी होते. त्यामुळे त्या व्हॉल्व्हच्या भरवशावर कोणाचाही हॉल सोडावा असे मला वाटत नाही. नॉझल उथळ ठेवणे आणि संपमध्ये पुरेशी जागा राखणे हाच भरवशाचा उपाय आहे.

गुडगुडीचे कारण वेगळे आहे. बॉक्समधले पाणी संपमध्ये नेणारा मुख्य पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहिला तर आवाज करत नाही. त्यावरचा व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त उघडा असेल तर बॉक्समधली पातळी पाइपाच्या तोंडापर्यंत उतरते, पाण्याबरोबर हवा ओढली जाते आणि घोरल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी व्हॉल्व्ह अगदी थोडा बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे आणि पातळी तोंडाच्या काही सेंटिमीटर वर स्थिरावेपर्यंत हेच करत राहायचे असते. आमच्या कारागिराने तेथला बॉल व्हॉल्व्ह एकदम निम्मा बंद केला आणि पातळी स्थिरावण्याची वाट न पाहता तो निघून गेला. बॉल व्हॉल्व्हची मूठ जराशी हलली तरी प्रवाह खूप बदलतो, म्हणून तेथे मुळातच चाक फिरवून हळूहळू बंद होणारा गेट व्हॉल्व्ह हवा होता. हाही दोष आमचाच आहे.

तिसऱ्या दिवशी पाणी काठाला का टेकले, हे पाइप उघडल्यावर कळले. मुख्य पाइपाच्या वळणात बोराएवढी एक गोगलगाय अडकली होती. सफाईच्या वेळी काढलेली जाळी परत बसवायची राहून गेली होती, तेव्हा ती आत शिरली असावी. आधीच निम्मा बंद केलेला पाइप तिच्यामुळे आणखी अडला. अशा प्रसंगासाठीच शेजारी कोरडा इमर्जन्सी पाइप ठेवलेला असतो, पण मासे उडी मारून आत जातील या काळजीने आपण त्याच्या तोंडावर बारीक जाळी बांधली होती आणि ती शेवाळाने गच्च भरली होती. त्या पाइपाचे तोंड मोकळेच राहिले पाहिजे. एरवी कोरड्या असणाऱ्या त्या पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला, तर मुख्य पाइप कोठे तरी अडला आहे असे समजावे. संप ३४ पर्यंत भरल्यामुळे मुख्य पाइपाचे खालचे टोकही खोल बुडाले होते. त्यामुळे वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर पडायला वेळ लागे आणि गुडगुड लांबे. आता ते टोक पाण्याखाली फक्त अडीच सेंटिमीटर राहील असे कापून दिले आहे.

प्रवाळांबाबत मला अधिक वाईट वाटते. सांडलेल्या पाण्याच्या जागी आपण आरओचे गोडे पाणी घातलेत. रोजच्या बाष्पीभवनासाठी ते बरोबर आहे, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही, पण सांडलेल्या पाण्याबरोबर मीठही गेले होते. माझ्या रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता दर हजारी ३५ ऐवजी ३३ आली. ती एकदम चढवू नये. पुढील काही दिवस बाष्पीभवनाची भरपाई थोड्या थोड्या खाऱ्या पाण्याने करावी आणि रोज मोजावे. ते पाणी आम्ही कालवून पाठवू. येथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यात आपल्यावर आरओचा आणखी भार नको.

आपल्या प्लंबरने सुचवलेला पितळी व्हॉल्व्ह कृपया बसवू नका. पितळेतले तांबे खाऱ्या पाण्यात उतरते आणि प्रवाळ, कोळंबी व गोगलगायींना ते विषासमान असते.

भेटीचे पैसे आम्ही परत करत आहोत. कॅबिनेटची फुगलेली फळी आणि यूपीव्हीसी प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह आमच्या खर्चाने बसवू. पंप बदलून देण्याचे मात्र कारण मला दिसत नाही आणि केवळ आपल्या समाधानासाठी तो बदलला तर खरा दोष तसाच राहील. येत्या रविवारी सकाळी मी कारागिराला घेऊन येईन, आपल्यासमोर तीन वेळा वीज बंद करीन, एकदा ते भोक बोटाने दाबून धरूनही करीन आणि पाणी जेथे थांबेल त्यावरून संपवर लाल रेघ आखून देईन. तोपर्यंत नॉझल वर वळवलेलेच ठेवावे, संपमधील पातळी ३० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये आणि इमर्जन्सी पाइपावरची जाळी परत बांधू नये, ही विनंती.