मन्हा लॅपटॉपवर तं चाली ऱ्हायना!

कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्याची पावती छापणारा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला दोन दिवस पुरतात. तोच प्रोग्राम शिरपूरच्या काट्यावरच्या कॉम्प्युटरवर बसवायला किती दिवस लागतील, हे मात्र पंचांग बघून सांगावं लागतं. काटा केबलमधून वजन सांगतो, प्रोग्राम ते वाचतो, क्विंटलला भावाने गुणतो आणि पावती काढतो. एवढंच काम. फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून धाडलं की अर्ध्या तासात फोन येतो :

«आठे तं चालत नही ना, भाऊ.»

आणि फोनच्या या टोकाला बसलेला प्रत्येक जण ठरलेलं उत्तर देतो : «मन्हा लॅपटॉपवर तं चाली ऱ्हायना!»

चालणारच. त्या लॅपटॉपवर तीन वर्षांत काय काय इन्स्टॉल करून ठेवलंय, हे लॅपटॉपच्या मालकालाही आठवत नाही. शिरपूरचा कॉम्प्युटर बिचारा कोरा असतो. प्रोग्रामला काय काय लागतं त्याची यादी प्रोग्रामसोबतच गेली पाहिजे आणि ती वाचून पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे गठ्ठे) आणून बसवणाऱ्या हरकाम्याने, बाकीचं सामान आपोआप आणलं पाहिजे, हा झाला शहाणपणा. यादी ठेवायची जागाही ठरलेली आहे : पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही फाइल, त्यात प्रोजेक्ट हा भाग, त्यात डिपेन्डन्सीज. चार ओळींचं काम. माणूस फसतो तो या चार ओळींतच.

आळशी माणूस «पिप फ्रीझ» मारतो आणि जे बाहेर पडेल ते यादीत ओततो. फ्रीझ म्हणजे घरात असलेल्या सगळ्याची जंत्री. वांग्याच्या भरताला काय काय लागतं विचारावं आणि समोरच्याने आख्खा किराणा वाचून दाखवावा, साबणासकट, तशातली गत. हुशार माणूस प्रोग्राम उघडतो, वरचे इम्पोर्ट, म्हणजे बाहेरचा कोड आत घेणाऱ्या ओळी, बघतो आणि तीच नावं उतरवतो. हा जास्त खोल खड्ड्यात जातो. कारण इम्पोर्टमधलं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल, असं कुणीही वचन दिलेलं नाही. काट्याशी बोलायला कोडमध्ये «इम्पोर्ट सिरियल» लिहायचं, पण मागवायचं «पायसिरियल». कुणी यादीत नुसतं «सिरियल» लिहिलं तरी पिप कुरकुर करत नाही. त्या नावाचं एक भलतंच पॅकेज खरोखर आहे, तेच मुकाट्याने आणून बसवतं. इन्स्टॉल यशस्वी, सगळे खूश. पहिली गाडी काट्यावर चढली की कळतं की या सिरियलला काटा म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

चुकांची तिसरी जात याहून छुपी. भावाचा तक्ता एक्सेलमध्ये असतो आणि पांडाज हे पॅकेज तो वाचतं. यादीत पांडाज लिहिलं की आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक पोरांसकट माहेरी यावी तसं त्याला लागणारं नमपाय हे पॅकेजही मागोमाग येतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. पण एक्सेल उघडायला लागणारं ओपनपायएक्सेल येत नाही. पांडाजच्या लेखी ते ऐच्छिक आहे. आपल्या कोडमध्येही ते कुठे इम्पोर्ट केलेलं नसतं, त्यामुळे कुणाच्याच डोळ्यांना दिसत नाही. ते हाताने लिहायचं.

यादी अजून सेटअप डॉट पीवाय या जुन्या फाइलमध्ये ठेवणाऱ्यांसाठी एक स्वल्पविराम राखून ठेवलेला आहे. दोन नावांमधला तो विसरला तर पायथन रागावत नाही, शेजारशेजारची दोन नावं प्रेमाने जोडून टाकतं. मग पिप जगभर «पायसिरियलपांडाज» नावाचा प्राणी शोधत हिंडतं आणि मिळत नाही म्हणून आपल्यालाच दोष देतं. टॉमलमध्ये हीच चूक केली तर फाइल वाचलीच जात नाही, लगेच बोंब होते. टॉमलचं मला सगळ्यात आवडतं ते हेच.

आवृत्त्यांचं प्रकरण म्हणजे आखाजीच्या गर्दीतली एसटी. एका पॅकेजला अमुक तिसऱ्या पॅकेजची १.२ हवी, दुसऱ्याला त्याचीच १.३, आणि जागा एकच. २०२० च्या शेवटी २०.३ आवृत्ती येईपर्यंत पिपचा कारभार खिडकीतून रुमाल टाकण्याचा होता : पहिल्याने टाकला त्याची सीट, दुसरा उभा, आणि कंडक्टर घंटी मारून मोकळा. आता दोघांचं जमत नसेल तर गाडी स्टँडवरून हलतच नाही. पण तसं सांगण्याआधी पिप एकेक जुनी आवृत्ती तपासत बसतं, कधी कधी ती अख्खी उतरवून. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालू असेल तर दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपू शकतो. इतरांनी वापरायचं पॅकेज असेल तर «इतकी किंवा नवीन» अशी ढिली अट ठेवावी. काट्यावरच्या एकट्या कॉम्प्युटरसाठी मात्र नेमकी आवृत्ती दुहेरी बरोबरच्या चिन्हाने ठोकून टाकावी. तिथे लवचिकतेची हौस नको.

मग व्हील. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला कच्ची जातात ती तिकडे पिकवायची सोय आहे म्हणून. पॅकेजचा नुसता सोर्स धाडणं म्हणजे कच्चा घड धाडणं, आणि व्हील म्हणजे तयार बांधलेलं पॅकेज, पिकलेली फणी, सोलली की खाल्ली. शिरपूरला काटा सांभाळणाऱ्या पाहुण्यांनी उत्साहाने कालच आलेलं पायथन टाकलेलं असतं, त्यासाठी एखाद्या पॅकेजची व्हील अजून तयार नसते, म्हणून पिप कच्चा घड उतरवतं आणि लाल अक्षरांत तो पिकवायला मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हा कंपायलर मागतं. मागतं म्हणून लोक काही जीबी उतरवतात! त्यापेक्षा एक पाऊल जुनं पायथन टाकावं, पाच मिनिटांत सुटका.

पायथन टाकताना पहिल्याच पडद्यावर तळाशी «अॅड टू पाथ» (पायथन कुठे बसलंय ते विंडोजला सांगून ठेवणारी) अशी चौकट असते आणि ती आपणहून टिक केलेली नसते. फोनवर हे सांगायचं म्हणजे :

«खाली चौकट दिसते का?»

«दिसी ऱ्हायनी.»

«तिच्यावर टिक करा.»

«आते नही दिसत. मी नेक्स्ट करी दिधं.»

अशा वेळी काढून पुन्हा टाकायला लावू नये. «पाय -एम पिप इन्स्टॉल» असं टाइप करायला सांगावं. विंडोजवर पाय हा लाँचर पाथच्या टिकेविनाही बहुधा सापडतो.

आपला प्रोग्रामही व्हील बांधूनच धाडायचा. व्हीलचं नाव ही तिची कुंडली असते : पॅकेज, आवृत्ती, पायथन, मशीन, सगळं त्यात. पाहुण्यांनी ती दोनदा डाउनलोड केली की ब्राउझर नावापुढे कंसात १ लावतो, आणि त्या एका कंसापायी पिप ती व्हील म्हणून ओळखच देत नाही. कंस खोडा, म्हणजे ओळख पटते.

हे सगळं धाडण्याआधी घरीच बघता येतं. नवं कोरं व्हेनव्ह, म्हणजे पायथनची वेगळी रिकामी खोली, करायचं, त्यात फक्त व्हील टाकायची आणि प्रोग्राम दुसऱ्याच फोल्डरमधून चालवायचा. दुसऱ्या फोल्डरचं विसरू नये. त्याच फोल्डरमध्ये उभं राहून चालवलं तर पायथन व्हीलऐवजी शेजारचा मूळ कोड उचलतं आणि चाचणी उगीच पास होते. दुसऱ्या फोल्डरमधून चालवलं की पावतीच्या नमुन्याची फाइल व्हीलमध्ये गेलेलीच नाही, हे शिरपूरच्या आधी आपल्याला कळतं. व्हील बांधणारं सेटअपटूल्स पायथनच्या फाइली स्वतःहून गोळा करतं, बाकीच्या पॅकेज-डेटामध्ये नोंदवाव्या लागतात.

नमुना नोंदवला, व्हील पुन्हा बांधली, पुन्हा धाडली. पाहुण्यांनी पुन्हा टाकली.

«आठे तं तेच दखाई ऱ्हायनं, भाऊ.»

आवृत्ती १.०.० ची १.०.१ करायची राहिली. पिपने नंबर बघितला, हीच आवृत्ती आधीपासून आहे म्हणून सांगितलं आणि जुनीच ठेवली. काट्यावर कपाशीची गाडी उभी आहे, पाहुण्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलंय आणि ते कार्बन शोधतायत.