रोहिणी हट्टंगडी यांना ऑस्कर? नाही, बाफ्टा!

‘गांधी’मधल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना ऑस्कर मिळालं आणि त्याआधी त्यांना अभिनयाचा काहीच अनुभव नव्हता, असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

त्यांना मिळाला तो ब्रिटनचा बाफ्टा, 1983 साली, सहायक अभिनेत्री म्हणून. तोही मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली खरी, पण अभिनयाचं एकच, बेन किंग्जले यांना. गोंधळ बहुधा भानू अथैय्यांमुळे होत असावा. याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

अनुभवाचा मुद्दा तर हास्यास्पदच आहे. पुण्याच्या रोहिणीताई दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकल्या. ‘गांधी’ 1982 चा. तोवर त्यांच्यामागे रंगभूमीवरचं बरंच काम होतं आणि 1978 पासून चित्रपटही. तरुण कस्तुरबांपासून वृद्ध बांपर्यंतचा प्रवास नवशिक्या मुलीला झेपला असता, असं म्हणणाऱ्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहावा. त्या तालमीची किंमत त्यांना वेगळ्या प्रकारेही मोजावी लागली, असं मला वाटतं: तिशीतच ‘सारांश’मधली वृद्धा, आणि ‘अग्निपथ’मध्ये वयाने मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई!

‘पार्टी’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. फिरत्या मजकुरात तो मात्र कुठेच नाही.