मामी, व्यायामवाल्या ताईंना 'येऊ नका' म्हणू नकोस

रात्री साडेदहाला धायरीहून मामीचा फॉरवर्ड आला. "मेंदूत चिप बसवा, लकवा कायमचा बरा! पेशंट महिन्यात चालतो. मनातलं सगळं स्क्रीनवर दिसतं. फिजिओथेरपीवर पैसे घालवू नका. नावनोंदणी फक्त 5,100." खाली मामीचं, "बघ रे, मामासाठी. ताईंना उद्यापासून येऊ नका म्हणू का?"

फिजिओथेरपीचं आधी. मामा गच्चीवरून पडला त्याला चार वर्षं झाली, मानेखाली काही हलत नाही. ताई रोज त्याचे हातपाय हलवून घेतात ते त्याला चालवायला नव्हे, सांधे आखडू नयेत म्हणून. वेळच्या वेळी कूस बदलली नाही की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. पहिल्या वर्षी माकडहाडापाशी झालेली जखम भरायला तीन महिने लागले. डोक्यात चिप असली तरी यातलं काही चुकत नाही. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कुणाला कुशीवर वळवलेलं दिसत नाही.

लकवा बरा? हात हलवायचं मनात आणलं की मेंदूत जे संकेत उठतात, ते चिप टिपते आणि त्यावरून कंप्युटर कर्सर हलवतो. हात जागच्या जागीच. 2023 मध्ये मेंदू आणि मणका दोन्हीकडे उपकरणं बसवून एक डच माणूस कुबड्यांवर चालला, हे खरंय. पण त्याचा मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला नव्हता.

आता खरं तेही सांगतो, नाइलाजाने. मे 2021 च्या 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा लेख आहे. मानेखाली लुळा पडलेला 65 वर्षांचा माणूस, मेंदूत औषधाच्या गोळीएवढ्या दोन चकत्या. हातात पेन धरून लिहितोय असं त्याने मनात आणायचं, आणि स्क्रीनवर मिनिटाला 90 अक्षरं! मामा तोंडात काठी धरून टॅबवर शब्दकोडं सोडवतो आणि मान भरून आली की अर्ध्यात सोडतो. त्याला हे मिळालं तर पेढे मी वाटीन. पण तो माणूस संशोधनाच्या चाचणीत होता, 5,100 भरून आलेला नव्हता.

आणि 'मनातलं सगळं' म्हणाल, तर तो अक्षर लिहायचा प्रयत्न करी तेव्हा अक्षर उमटे. बायकोबद्दल काय वाटतं ते नाही.

मेसेजमधला नंबर लावून पाहिला. स्विच ऑफ. ताईंशी मीच बोललोय, त्या उद्या नेहमीसारख्या साडेनऊला येतील.