शहाऐंशी मोठे की चौसष्ट?

मला एकच पान छापायचं होतं. एक पानी अर्ज, खाली सही, विषय संपला. पण जुना संगणक नुकताच कायमचा निवर्तला होता, त्याच्या जागी नवा आला होता, आणि प्रिंटर नव्याला ओळख द्यायला तयार नव्हता. ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, डाउनलोड करायचा, एवढंच काम. प्रिंटरवाल्या कंपनीच्या पानावर गेलो, मॉडेलचा नंबर टाकला आणि समोर तीन बटणं आली: एक्स८६, आयए६४, एएमडी६४. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या प्रोसेसरनुसार योग्य आवृत्ती निवडावी.'

हे वाक्य लिहिणाऱ्याला योग्य आवृत्ती कोणती ते नक्की ठाऊक असणार. फक्त सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

मी आधी साध्या गणिताने गेलो. शहाऐंशी हे चौसष्टपेक्षा बावीसने जास्त. संगणक नवा कोरा, तेव्हा त्याला मोठा आकडा लागणार. तरीही मी सावध माणूस आहे. नुसत्या तर्कावर विसंबू नये म्हणून संगणकाच्या पोटात शिरून पुरावे गोळा करायला लागलो. सी ड्राइव्ह उघडला, त्यात विंडोजचं फोल्डर, त्यात एक भलंमोठं फोल्डर, नाव 'सिस्टिम३२'. म्हणजे आपली सिस्टिम ३२ बिटची (प्रोसेसर एका दमात केवढा आकडा उचलतो त्याचं हे माप), हे तिनेच लिहून दिलेलं. बाहेर आलो तर 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाची दोन फोल्डरं. एकापुढे काहीच नाही, दुसऱ्यापुढे कंसात ठळकपणे एक्स८६. दोन स्वतंत्र साक्षीदार, एकमेकांशी जुळणाऱ्या जबान्या. याहून जास्त पुरावा तर खुनाच्या खटल्यातही मिळत नाही. एक्स८६ वर क्लिक केलं.

इन्स्टॉलर मोठ्या उत्साहाने सुरू झाला. हिरवी पट्टी सरकत सरकत पार दुसऱ्या टोकाला पोचली आणि तिथे गेल्यावर त्याला आठवलं की हा ड्रायव्हर या संगणकासाठी नाहीच. हे दारातच सांगता आलं असतं.

दोन्ही साक्षीदार फितूर होते हे मला नंतर कळलं. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ६४ बिटच्या सिस्टिम फाइली राहतात 'सिस्टिम३२' मध्ये. आणि ३२ बिटच्या फाइली? त्या राहतात 'सिसवॉव६४' मध्ये. पुन्हा वाचा, छपाईची चूक नाही. कारण असं, की हजारो जुन्या प्रोग्रॅममध्ये 'सिस्टिम३२' हे नाव कोरून ठेवलेलं होतं. ते प्रोग्रॅम ६४ बिटसाठी नव्याने बांधताना मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं आणि आतलं सामान बदललं. ३२ बिटचा एखादा प्रोग्रॅम 'सिस्टिम३२' चा पत्ता विचारत आला, की विंडोज त्याला काही न बोलता 'सिसवॉव६४' च्या दारात नेऊन सोडते. त्याला शेवटपर्यंत कळत नाही की आपण भलत्याच घरात बसलोय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं आपण म्हणतो. इथे तर सोनूबाईच्या घरात कथलाबाई राहते, कथलाबाईच्या घरात सोनूबाई, आणि दोघींची पत्रं बरोबर पोचतात.

आणि 'प्रोग्रॅम फाइल्स', कंसात एक्स८६? ती ३२ बिटच्या प्रोग्रॅमची खोली. ६४ बिटच्या घरातच अशी वेगळी खोली लागते. म्हणजे ज्या पुराव्यावर मी ३२ बिटचा निकाल दिला, तोच पुरावा नेमका उलटं सांगत होता.

पहिला निकाल फिरल्यावर मी दुसरीकडे वळलो. संगणकावर इंटेलचं चकचकीत स्टिकर आहे. बटणांत एक आहे आयए६४. आयए म्हणजे इंटेल आर्किटेक्चर असणार, हे मी माझ्या मनाने ताडलं. (हे अगदी बरोबर निघालं. या सगळ्या प्रकरणात माझा बरोबर आलेला हा एकमेव अंदाज, आणि तोच मला घेऊन बुडाला.) तिसऱ्या बटणाचा तर प्रश्नच नव्हता. एएमडी ही इंटेलची जन्माची प्रतिस्पर्धी. तिच्या नावाचं काहीतरी इंटेलच्या संगणकात घालणं म्हणजे घरात भांडण विकत आणणं.

या वेळी पट्टीसुद्धा आली नाही. सरळ पाटी आली: हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. तुमच्या पीसीसाठीची आवृत्ती शोधण्यासाठी सॉफ्टवेअर प्रकाशकाशी संपर्क साधा.

मी प्रकाशकाच्याच पानावर बसलो होतो. प्रकाशकाने मला प्रोसेसरकडे पाठवलं, प्रोसेसरने प्रकाशकाकडे. मधल्या मध्ये हेलपाटे घालणारा मी.

मग मात्र डोकं ठिकाणावर आणून सेटिंग्जमध्ये गेलो. सिस्टिम, मग अबाउट. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: ६४ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ आधारित प्रोसेसर. अखेर खरं नाव सापडलं! धावत, म्हणजे माउस दौडवत, परत त्या पानावर आलो. एक्स८६, आयए६४, एएमडी६४. एक्स६४ कुठेच नाही.

रात्री साडेअकराला भाचीला फोन लावला.

"मामा, एएमडी६४ घे आणि झोप."

"अगं, माझा इंटेलचा आहे."

"असू दे. एएमडी६४ घे."

"स्टिकर आहे त्यावर!"

"मामा, एक्स६४ आणि एएमडी६४ एकच. रॅम किती आहे तुझी?"

"आठ जीबी."

"मग ३२ बिटची विंडोज त्यात कशाला असेल? ३२ बिटमध्ये मेमरीचे पत्तेच मुळी ४ जीबीपुरते."

हे मी कागदावर करून पाहिलं. दोनाचा बत्तिसावा घात: ४,२९,४९,६७,२९६. एवढ्या बाइटांनाच घरनंबर देता येतात, पुढच्यांना पत्ता नाही. म्हणजे संगणक घेताना ऐकलेला 'आठ' हा आकडा मला पहिल्या मिनिटापासून उत्तर सांगत होता. मी मात्र फोल्डरांच्या जबान्या घेत बसलो होतो.

बाकीची कहाणी तिने जांभया देत सांगितली. १९७८ साली इंटेलचा ८०८६ आला, १६ बिटचा. मग ८०१८६, ८०२८६, ८०३८६, ८०४८६. सगळ्यांचं शेपूट ८६, म्हणून खानदानाचं नाव पडलं एक्स८६. त्यातला ३८६ हा १९८५ चा, ३२ बिटचा पहिला. तेव्हापासून ३२ बिटच्या दुनियेला हेच नाव चिकटलं. म्हणजे ८६ हे माप नव्हेच, ते आडनाव! आणि ६४ हे माप. मी आडनावातून माप वजा करून बावीस काढले होते.

पुढे ६४ बिटवर जायची वेळ आली तेव्हा इंटेलने, एचपीला जोडीला घेऊन, जुना संसार बाजूला ठेवून पार नवी मांडणी केली. तेच आयए६४. त्याचा इटॅनियम प्रोसेसर २००१ साली आला. मोठ्या सर्व्हरसाठीची चीज होती ती, पण जुने प्रोग्रॅम तिच्यावर रखडत चालायचे. एएमडीने उलटा मार्ग धरला: जुनं घर तसंच ठेवून त्यावर ६४ बिटचा मजला चढवला. तेच एएमडी६४. २००३ साली तो बाजारात आला. लोकांना मजला आवडला. २००४ साली इंटेलनेही तोच मजला आपल्या घरावर चढवला, फक्त पाटी वेगळी लावली. मायक्रोसॉफ्टने त्याला एक्स६४ म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे एक्स८६-६४ म्हणतात आणि त्यांच्यातलेच काही एएमडी६४. एवढी नावं फक्त देवांना असतात. इटॅनियमच्या शेवटच्या चिपा २०२१ साली रवाना झाल्या. माझ्या प्रिंटरच्या पानावर मात्र त्याचं बटण अजून मानाने बसलेलं आहे, माझ्यासारख्या स्टिकर वाचणाऱ्यांची वाट बघत.

म्हणजे इंटेलचं नाव असलेलं बटण माझ्या इंटेलला चालत नाही आणि एएमडीचं नाव असलेलं चालतं. एक बटण दाबायला पंचवीस वर्षांचा इतिहास लागतो, आणि तोही कोण कोणाशी भांडला आणि मग कोणाचं कोणी उचललं या तपशिलासह.

वर भाचीने जखमेवर मीठ चोळलं. "साधा प्रोग्रॅम असता ना मामा, तर एक्स८६ वालाही चालला असता. ६४ च्या विंडोजवर ३२ चे प्रोग्रॅम चालतात. ड्रायव्हर नाही चालत." इतकी वर्षं मी डोळे मिटून कुठलीही बटणं दाबत आलो आणि कधी अडलं नाही, त्यामागे माझं ज्ञान आहे अशी माझी समजूत होती.

हे सगळं एका मॅकवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "आमच्याकडे असली भानगडच नसते." ज्या कंपनीने १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा प्रोसेसरचा संसार मोडून नवा थाटला, तिच्या गिऱ्हाइकाने हे म्हणावं! त्याच्या समोरच एक डाउनलोडचं पान उघडलं. बटणं दोन: इंटेल आणि अ‍ॅपल सिलिकॉन. "तुझं कुठलं?" तो मॅक उलटा करून खाली काही लिहिलंय का ते बघायला लागला.

असो. एएमडी६४ दाबलं. पट्टी सरकली, टोकाला पोचली, आणि काहीही न आठवता संपली. प्रिंटरने घसा खाकरून चाचणीचं पान बाहेर टाकलं. त्यानंतर अर्ज. पहाटे एक वाजता मी त्यावर सही केली. हात थोडा थरथरत होता, पण सही माझीच होती.

पुढच्या आठवड्यात भाची आली, बगलेत नवा लॅपटॉप. दिवसभर चार्जर लागत नाही म्हणून जिथे तिथे मिरवत होती. तिला चार पानं छापायची होती. माझ्या प्रिंटरच्या पानावर गेली आणि गप्प झाली. बराच वेळ गप्प राहिली. मी चष्मा लावून मागे जाऊन उभा राहिलो.

"काय गं?"

"माझा आर्मचा आहे, या सगळ्यांहून वेगळ्याच खानदानाचा प्रोसेसर. आर्म६४ लागतो. एक्स६४ चे प्रोग्रॅम चालतात यावर, अनुवाद करून चालवतो तो... पण ड्रायव्हर..."

"ड्रायव्हर नाही चालत," मी म्हणालो.

तिने तिन्ही बटणांवरून माउस फिरवला. मी तो फिरू दिला. आयए६४ वर जरा थांबला तेव्हा तर मला भरून आलं.

"मामा, आता काय करू?"

"सॉफ्टवेअर प्रकाशकाशी संपर्क साध," मी म्हणालो, आणि माझा संगणक चालू करायला गेलो.