‘गोळ्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

‘आधी महिनाभर गोळ्या घेऊन बघा, फरक नाही पडला तर ऑपरेशन’ हे प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढण्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. प्रोस्टेटच्या गोळ्या सगळ्या एक नसतात हो! टॅमसुलोसिन स्नायू सैल करते. लघवीची धार काही दिवसांतच सुधारते, पण ग्रंथी आहे तेवढीच राहते. ड्युटास्टेराइड, फिनास्टेराइड ग्रंथी आकसवतात, आणि त्याला सहा महिने तरी लागतात. महिन्याभरात त्यांचा निकाल कसा लावणार? माझ्या वडिलांनी (वय ७४) असंच ‘काही उपयोग नाही’ म्हणत दुसऱ्या महिन्यात पाकीट कपाटात टाकलं होतं. शिवाय या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्ततपासणीत बघतात तो आकडा) साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्टात २ दिसला तर डॉक्टर तो ४ धरून वाचतात. म्हणून गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं.

टॅमसुलोसिनचंही एक राहिलं. मोतीबिंदूच्या तपासणीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “लघवीची गोळी चालू आहे का?” बाबा हसले, डोळ्याचा नि लघवीचा काय संबंध? आहे! या गोळीमुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी राहत नाही. आधी कळलं तर डॉक्टर तयारीत असतात.