कारगिल विजय दिवस साजरा करताना घ्यावयाची काळजी

ठाण्यात २६ जुलै म्हटलं की लोकांना आधी २००५ चा पाऊस आठवतो, मग कारगिल. तेव्हा मैदानाच्या भानगडीत पडू नका. हॉल घ्या, शक्यतो संध्याकाळी साखरपुडा असलेला. झेंडूची तोरणं आयती मिळतात.

पहिलं काम फ्लेक्स. घोडबंदर रोडला, सिग्नल झाकेल असा लावा. वर साहेब, मधोमध हात जोडून तुम्ही, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात कुणाचं तरी गॉगल घातलेलं बाळ. हुतात्म्याचा फोटो उरल्या जागेत. तो मिळाला नाही, तर डिझायनर झेंडा रोवणाऱ्या जवानांची काळी आकृती टाकतो. ते १९४५ साली इवो जिमा बेटावर झेंडा रोवणारे अमेरिकन सैनिक आहेत. पोराने फक्त झेंडा बदललाय. जाऊ द्या, साहेबांचा फोटो बरोबर आहे ना?

भाषणात ५२७ जवान शहीद झाले हे ठासून सांगा. नावं वाचत बसू नका, जेवण गार होतं. नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत, ती कुठे जात नाहीत.

वीरपत्नीला दहाला बोलवा, प्रमुख पाहुण्यांना बाराला. त्यांचा ‘माजिवड्याला अडकलोय’ असा निरोप येतोच, आणि तो खोटा आहे असं कुणाला म्हणता येत नाही, हीच ठाण्याची सोय. तोवर ताईंना पहिल्या रांगेत, बरोबर एसीच्या झोताखाली बसवा. पुढे शाल, श्रीफळ आणि तुमचाच फोटो छापलेलं सन्मानचिन्ह. शाल पांघरताना ताईंकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं. त्यांनी पर्समधून घडी घातलेला अर्ज काढला, तर ‘बघतो ताई’ म्हणून मागच्या कार्यकर्त्याकडे सरकवा. त्याचा खिसा त्यासाठीच असतो.

मग दोन मिनिटं स्तब्धता. घड्याळ लावू नका. चाळीस सेकंदांत कुणाचा तरी फोन वाजतो आणि निवेदक ‘धन्यवाद’ म्हणतो.

फक्त शेवटच्या रांगेकडे बघू नका. तिथे एक निवृत्त सुभेदार असतात. निवेदकाने सांगायच्या आधीच ते उभे असतात आणि धन्यवाद झाल्यावरही पूर्ण दोन मिनिटं होईपर्यंत बसत नाहीत. त्यांच्याकडे नजर गेली की घसा दाटतो, आणि माझ्यासारख्या टवाळाची पंचाईत होते. बंद करा हा तमाशा, असं म्हणवत नाही. शिवाय हे फ्लेक्सवाले नसते, तर त्या ताईंची बेल वर्षात कुणी वाजवली असती? तुम्ही? मी?

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन मात्र खुशाल विसरा. त्यात माजी सैनिकांसाठी आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी नुसते पैसे द्यायचे असतात. स्टेज नाही, माईक नाही, पावतीवर फोटोही छापत नाहीत.

आणि हो, फ्लेक्स काढलात तरी बांबूची फ्रेम राहू द्या. गणपती जवळ आलेत, साहेबांचा फोटो तोच चालेल.