विटोल, विठ्ठल आणि मी

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला कळलं, की पहिली चार वर्षं मी पोर्तुगीज होतो. जन्म 1957 चा, फोंड्याचा. गोव्याची पोर्तुगिजांपासून मुक्ती 19 डिसेंबर 1961 ची. त्या काळात दूध पिणं आणि रडणं यापलीकडे पोर्तुगालशी काही व्यवहार झाल्याचं आठवत नाही. पण माझा जन्म लिस्बनला नोंदवला की मुलाची युरोपची वाट मोकळी होते म्हणे. माझे वडील 18 जून 1946 ला भर पावसात लोहियांच्या सभेसाठी मडगावला गेले होते, फिरंग्यांना घालवायला. भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे हल्ली मी बघत नाही.

पणजीच्या वकीलबाई म्हणाल्या, "आधी तेओर आणा." तेओर म्हणजे जन्मनोंदीचा अक्षरन् अक्षर उतारा. ते जाडजूड पुस्तक उघडलं. तपकिरी शाई, लांब शेपटांची अक्षरं, वाळवीने खाल्लेला कोपरा. वाळवी माझ्या नावाच्या बोटभर अलीकडे थांबली होती. आणखी थोडं पुढे गेली असती तर बरं, असं नंतर वाटलं. कारण तिथे मी 'विटोल'. वर 'नाईक'मधल्या एका 'क'साठी कारकुनाने क्यू, यू, ई अशी तीन अक्षरं खर्ची घातलेली. शाळेच्या दाखल्यावर मी एका टीचा विठ्ठल, आधारवर दोन टींचा.

लग्नही लिस्बनला नोंदवायचं. गोव्यात लग्न म्हणजे रजिस्ट्रारसमोर पहिली सही, मग काही दिवसांनी दुसरी. मधे विचार बदलायला वाव. बायको म्हणाली, "तिसरीला बोलावलं तर मी येत नाही."

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय गेलं, आपल्याकडे दोन्ही चालत नाहीत. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड. त्यावर येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. "बाबा, शेतजमीन घेतोय कोण?" मुलगा म्हणाला. मागच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, तेवढ्यात एक नारळ पडला. आणि माझ्या नागरिकत्वाचं काय, असं मी विचारलं तेव्हा वकीलबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

शेवटी विटोल आणि दोन्ही विठ्ठल एकच, असं प्रतिज्ञापत्र झालं. नोटरीचा शिक्का बसला, लाल सील लागलं. घरी येऊन वाचलं. खाली माझ्या सहीजवळ टायपिस्टने लिहिलं होतं, 'विट्टल'.

वकीलबाईंना फोन केला.

"असूं दे," त्या म्हणाल्या, "आणखी एक करूया. चौघांचं."